पायथ्याच्या गावातले घर : विसार देण्याआधी काय तपासाल?

शहरात घराचे भाव परवडत नाहीत, म्हणून अनेक खातेदार शहरापासून तासाभराच्या अंतरावर घर शोधतात. त्यातही डोंगराच्या पायथ्याचे एखादे जुने, इतिहास असलेले गाव मनात भरते. हवा चांगली, देवस्थान जवळ, रस्ता बरा आणि भाव शहराच्या मानाने कमी. असे घर घेणे चुकीचे नाही. पण अशा गावात भाव कमी असण्याला बहुतेक वेळा काहीतरी कारण असते. ते कारण विसार देण्याआधी समजले तर तो व्यवहार असतो, विसार दिल्यानंतर समजले तर ते नुकसान असते.

या पाठात आपण एकच परिसर उदाहरण म्हणून घेऊ : वडोदऱ्याजवळचा पावागड, त्याच्या पायथ्याचे चांपानेर आणि शेजारचे हालोल. वडोदऱ्यात मराठी कुटुंबे गायकवाडांच्या काळापासून आहेत. पंचमहालाचा हा भागही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. त्यामुळे हा परिसर आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. आपण दुसऱ्या राज्यात राहत असाल तरी तपासणीचा क्रम हाच राहील. कागदांची नावे तेवढी बदलतील.

या पाठात आपण काय शिकणार?

• भाव कमी असण्याची कारणे कशी ओळखावीत
• जमीन, स्मारक, डोंगर आणि वारस यांविषयी कोणते कागद पाहावेत
• घराची खरी किंमत आणि आपल्या खिशातून लागणारी रक्कम कशी काढावी
• विसाराची रक्कम सुरक्षित कशी ठेवावी

१. आधी कागदांची नावे

१ मे १९६० पर्यंत महाराष्ट्र आणि गुजरात एकाच मुंबई राज्यात होते. त्यामुळे सातबारा, आठ-अ आणि तलाटी हे शब्द गुजरातमध्येही तसेच आहेत. काही शब्द मात्र वेगळे आहेत, आणि शब्द न कळल्यामुळे खातेदार नुसतीच मान डोलावतात. म्हणून ही यादी जवळ ठेवा.

साठेखत : बानाखत
खरेदीखत : दस्तावेज
बिनशेती : बिनखेती किंवा एन.ए.
फेरफार नोंदी : हक्कपत्रक, गावनमुना ६
तहसीलदार : मामलतदार
वंशावळ : पेढीनामा
हक्कसोडपत्राची नोंद : हक्क कमी
गावठाण : गामतळ
रेडी रेकनर : जंत्री
बांधकाम परवानगी : रजाचिठ्ठी
भोगवटा प्रमाणपत्र : बी.यू. परमिशन
घरपट्टी : वेरा

यातील दोन शब्दांत कधीही गल्लत करू नका. बानाखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. नोंदणीकृत दस्तावेज म्हणजे प्रत्यक्ष विक्री. बानाखत, कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती एवढ्यावर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. "इथे सगळे असेच चालते" असे कोणी सांगितले तर शाखेत या आणि विचारा की अशा कागदावर बँक कर्ज देईल का. बँक जिथे हात आखडता घेते, तिथे आपणही घ्यावा.

२. घराखालची जमीन कोणती?

पायथ्याच्या गावात नवी घरे बहुधा जुन्या शेतजमिनीवर उभी राहतात. म्हणून घराच्या भिंती पाहण्याआधी जमिनीचा प्रकार पाहा. गुजरातमध्ये सातबारा आणि नमुना ६ च्या नोंदी 'एनीआरओआर' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. पाहताना चार गोष्टी शोधा.

पहिली, बिनखेतीचा आदेश. गुजरातमध्ये शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तरीही शेतजमिनीचे तुकडे पाडून 'वीकएंड होम'चे प्लॉट म्हणून विकले जातात. प्लॉटला कुंपण आहे, फाटकावर पाटी आहे, आत बागही आहे, म्हणून जमीन बिनखेती होत नाही. सर्व्हे क्रमांकासह आदेशाची प्रत मागा. आदेश 'निवासी' वापरासाठी आहे ना, तेही वाचा.

दुसरी, नवी शरत. सरकारने दिलेल्या किंवा कुळकायद्याने मिळालेल्या काही जमिनींवर विक्रीचे बंधन असते. अशा जमिनीला 'नवी शरत' म्हणतात. ती विकण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि सरकारजमा प्रीमियम भरावा लागतो. सातबाऱ्यावर 'नवी शरत' दिसली तर प्रीमियम भरल्याचा पुरावा मागा.

तिसरी, कलम ७३-अ-अ. पंचमहाल आणि त्याच्या आसपास आदिवासी बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या जमिनीचे हस्तांतर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. जुन्या फेरफार नोंदींत हा उल्लेख असेल तर पुढच्या सगळ्या विक्रीवर प्रश्न उभा राहतो. म्हणूनच आजचा सातबारा पुरेसा नाही. मागच्या नोंदी क्रमाने वाचाव्या लागतात.

चौथी, गामतळ. गावाच्या जुन्या वस्तीतील घरांना सातबारा नसतो. विक्रेता ग्रामपंचायतीची आकारणी आणि वेरा पावती दाखवतो. वेरा पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशा घरांना मालमत्ता पत्रक दिले जाते. विक्रेत्याकडे ते नसेल तर आधी त्याने ते काढून घ्यावे, मग बोलणी पुढे न्यावीत.

आणखी एक गोष्ट गुजरातमध्ये विचारायलाच हवी. काही शहरांतील ठरावीक भागांना 'अशांत धारा' लागू आहे. तिथे मालमत्तेच्या हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती नसेल तर दस्तावेज अडतो किंवा रद्द ठरतो. घर त्या भागात येते का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

३. स्मारक किती मीटरवर आहे?

ऐतिहासिक गावातली ही सर्वात महत्त्वाची तपासणी आहे आणि सर्वात जास्त वेळा राहून जाते ती हीच.

महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड जिंकला आणि पायथ्याच्या चांपानेरला राजधानी केले. त्या काळच्या मशिदी, तटबंदी आणि दरवाजे आजही उभे आहेत. गडावर कालिकामातेचे मंदिर आहे. चांपानेर-पावागड पुरातत्त्व उद्यान २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. आजचे चांपानेर गाव जुन्या तटबंदीच्या आतच वसलेले आहे. पर्यटकाला याचे कौतुक वाटते. घर घेणाऱ्याने मात्र त्याबरोबर कायदाही पाहायला हवा.

प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे अवशेष कायदा १९५८ चा आहे. २०१० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या प्रत्येक स्मारकाभोवती दोन पट्टे असतात.

• संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र. इथे नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या, किंवा त्यानंतर रीतसर परवानगीने बांधलेल्या, इमारतीची दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगी घेऊनच.
• त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. इथे बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्तीसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अंतर मोजायचे ते स्मारकाच्या घुमटापासून नव्हे, तर त्याच्या संरक्षित हद्दीपासून, आणि चारही दिशांना. स्मारक अगदी एका बिंदूएवढे धरले तरी ३०० मीटरच्या वर्तुळात सुमारे २८ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ७० एकर जागा येते. जिथे स्मारके विखुरलेली आहेत, तिथे ही वर्तुळे एकमेकांत मिसळतात. म्हणून "समोर तर काहीच दिसत नाही" हे उत्तर पुरेसे नाही.

याचा पैशाशी काय संबंध? प्रतिबंधित क्षेत्रातले घर विकत घेण्यास कायदा मना करत नाही. पण समजा, आपण ५० वर्षे जुने बैठे घर घेतले आणि मनात हिशेब असा की चार वर्षांनी मुलासाठी वरचा मजला चढवू. तो मजला कधीच चढणार नाही. घर मोडकळीस आले तर पाडून नवे बांधता येणार नाही. म्हणजे आपण विकत घेतले ते फक्त त्या जुन्या भिंतींचे उरलेले आयुष्य. त्या घराचा भाव कमी असणे योग्यच आहे. प्रश्न एवढाच की आपण ते समजून घेतो आहोत की स्वस्तात मिळाले म्हणून घेतो आहोत.

बँकेचा मूल्यांकनकारही इमारतीचे उरलेले आयुष्य पाहतो. ते कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त असावे लागते. त्यामुळे अशा घरावर कर्ज मिळालेच तरी मुदत कमी आणि हप्ता मोठा होतो.

४. डोंगर, पाणी आणि जंगल

पावागड सुमारे ८०० मीटर उंच आहे. वडोदऱ्यातून वाहणारी विश्वामित्री नदी याच डोंगरात उगम पावते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्याचे किती हाल झाले, हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. डोंगरावर पडलेले पाणी आधी पायथ्याच्या ओढ्यानाल्यांतून जाते. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला सपाट करून त्यावर प्लॉट पाडलेले असू शकतात.

म्हणून घर दोनदा पाहा. एकदा उन्हाळ्यात, पाण्याची सोय कळण्यासाठी. एकदा भर पावसाळ्यात, पाण्याची वाट कळण्यासाठी. शेजारच्या दुकानदाराला विचारा की मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत येते. मोजणी नकाशावर नाला दाखवला आहे का, तेही पाहा. पावागडच्या बाबतीत तिसरी भेट नवरात्रात द्या. गर्दीच्या दिवसांत आपल्या दारापर्यंत रिक्षा येते का आणि आजारी माणसाला बाहेर काढता येईल का, हे तेव्हाच कळते.

उतारावरची जागा वनखात्याची नाही ना, याची खात्री करा. या परिसरात राखीव जंगल आहे आणि जांबुघोडा अभयारण्यही फार दूर नाही. वनजमिनीवरील अतिक्रमणाला वेरा पावती किंवा वीजजोडणी असली तरी त्याने मालकी मिळत नाही.

घर घेतल्यावर विमा काढा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देतात. आग, भूकंप, पूर आणि दरड कोसळणे या जोखमी तिच्यात येतात. मात्र विम्यातून पुनर्बांधणीचे पैसे मिळतील, पुनर्बांधणीची परवानगी मिळणार नाही. म्हणून आधी विभाग ३, मग विमा.

५. जुन्या घराचे वारस

ऐतिहासिक गावातील जुने घर तीन-चार पिढ्या एकाच आडनावात असते. आपल्याशी बोलणारा मुलगा घराची किल्ली घेऊन फिरत असतो, पण मालक एकटा तोच असेल असे नाही. पेढीनामा मागा. त्यात मुलींची नावे आहेत का, हे मुद्दाम पाहा. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. सुरत किंवा मुंबईला दिलेल्या बहिणीची सही "नंतर आणतो" असे सांगितले तर विसारही नंतरच द्या. 'हक्क कमी'ची नोंद नोंदणीकृत हक्कसोडपत्रावरून झाली आहे ना, तेही तपासा.

बँकेचा वकील शोध अहवाल साधारणपणे ३० वर्षांचा घेतो. कर्जाशिवाय घर घेत असाल तरी हा अहवाल स्वतःच्या खर्चाने काढा. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. घर आधीच कुठे तारण नाही ना, हे 'सरसाई' या केंद्रीय नोंदणीत थोडे शुल्क भरून पाहता येते.

घर जुने नसून नव्या स्कीममधले असेल तर रेरा नोंदणी पाहा. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवरच्या किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची आहे. बानाखत नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाव नेहमी कार्पेट क्षेत्रफळावर काढा.

६. खरी किंमत किती?

आता हिशेब करू. समजा, वडोदऱ्यात भाड्याने राहणारे एक कुटुंब आहे. दोघांचे मिळून दरमहा ५५,००० रुपये हातात येतात. मुदत ठेवी ९ लाखांच्या आहेत. हालोलमध्ये सगळे कागद स्वच्छ असलेले घर २५ लाखांना ठरते आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देता येते. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष टक्केवारी बँक ठरवते. शिवाय ठरलेला भाव आणि मूल्यांकन यांत जे कमी असेल ते धरले जाते. समजा, मूल्यांकन २३ लाख आले आणि बँकेने ८० टक्के मंजूर केले. कर्ज झाले १८,४०,०००.

आता खिशातून किती?

भावातील उरलेली रक्कम : ६,६०,०००
मुद्रांक शुल्क ४.९ टक्के : १,२२,५००
नोंदणी शुल्क १ टक्का : २५,०००
वकील, मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क (अंदाजे) : ३०,०००
दुरुस्ती, रंग, वीज आणि पाणी (अंदाजे) : २,००,०००
एकूण : १०,३७,५००

ठेवी ९ लाखांच्या आहेत. म्हणजे सगळ्या ठेवी मोडूनही १,३७,५०० कमी पडतात. इथेच बरीच कुटुंबे सोने गहाण ठेवतात किंवा वैयक्तिक कर्ज घेतात. एका घरासाठी दोन हप्ते सुरू होतात आणि पहिल्या आजारपणात दोन्ही थकतात.

यावर मार्ग आहे. मूल्यांकन अहवाल विक्रेत्यापुढे ठेवा आणि भाव २३ लाखांवर आणण्याचा प्रयत्न करा. गुजरातमध्ये सर्व खरेदीदार महिला असतील तर नोंदणी शुल्क माफ आहे. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतले आणि जंत्रीने येणारे मूल्य भावापेक्षा कमी असेल तर हिशेब असा होतो : भावातील उरलेली रक्कम ४,६०,०००, मुद्रांक १,१२,७००, इतर ३०,०००, आणि या वर्षी फक्त गरजेची दुरुस्ती १,००,०००. एकूण ७,०२,७००. ठेवींतून १,९७,३०० शिल्लक राहतात. हा पैसा घराला लावू नका. तो अडचणीच्या वेळेसाठी आहे.

घर कोणाच्या नावावर असावे, हे मात्र केवळ शुल्क वाचते म्हणून ठरवू नका. ज्याचे नाव, त्याची मालकी. दोघांनी बसून समजून ठरवा. जंत्रीचे दर एप्रिल २०२३ मध्ये वाढून बहुतेक ठिकाणी दुप्पट झाले. त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसाने सांगितलेला मुद्रांकाचा आकडा वापरू नका. मुद्रांक हा भाव आणि जंत्रीचे मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागतो.

आता हप्ता. वार्षिक व्याजदर ८.५ टक्के धरू. आजचा दर शाखेत विचारा.

२० वर्षांसाठी हप्ता १५,९६८ रुपये, एकूण व्याज सुमारे १९ लाख ९२ हजार.
१५ वर्षांसाठी हप्ता १८,११९ रुपये, एकूण व्याज सुमारे १४ लाख २१ हजार.

महिन्याला २,१५१ रुपये जास्त भरून सुमारे ५ लाख ७१ हजार रुपये व्याज वाचते. १५ वर्षांचा हप्ता जड वाटत असेल तर २० वर्षांची मुदत घ्या आणि बोनस आला की मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही.

उत्पन्न मर्यादेत असेल तर प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये व्याज अनुदानाची पात्रता आहे का, हे अर्जापूर्वीच शाखेत विचारा. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसणे ही त्यातली मुख्य अट आहे.

७. रोजच्या प्रवासाचा हप्ता

हालोल ते वडोदरा अंतर एका बाजूने सुमारे ४५ किलोमीटर धरू. दिवसाला ९० आणि महिन्याच्या २५ दिवसांत २,२५० किलोमीटर. दुचाकी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर ४५ लिटर पेट्रोल. लिटरमागे ९५ रुपये धरले तर ४,२७५ रुपये.

८.५ टक्के दराने १५ वर्षांसाठी ४,२७५ रुपये हप्ता म्हणजे जवळजवळ ४ लाख ३४ हजारांचे कर्ज. याचा अर्थ असा की नोकरी वडोदऱ्यातच राहणार असेल, तर शहरातले घर हालोलच्या घरापेक्षा कर्जात ४ लाखांनी महाग पडले तरी महिन्याचा खर्च तेवढाच राहतो. शिवाय हप्ता १५ वर्षांनी संपतो, पेट्रोल संपत नाही. गाडीची झीज आणि रोजचे दोन-अडीच तास यात धरलेलेच नाहीत.

आपल्या उदाहरणात हप्ता आणि पेट्रोल मिळून २२,३९४ रुपये होतात. ५५,००० रुपयांच्या उत्पन्नाचे हे सुमारे ४१ टक्के. हालोलच्या औद्योगिक वसाहतीत काम असणाऱ्याला हेच घर फायद्याचे आहे. रोज वडोदऱ्याला जाणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा. घर तेच, भाव तोच, पण दोघांना ते सारख्या किमतीला पडत नाही.

सुटीत राहू आणि एरवी यात्रेकरूंना भाड्याने देऊ, असा विचार असेल तर त्या भाड्यावर हप्ता विसंबून ठेवू नका. भाडे न मिळता हप्ता भरता येत असेल तरच पुढे जा.

८. विसार कसा द्यावा?

विक्रेता म्हणतो, "दुसरे गिऱ्हाईक आज संध्याकाळी येणार आहे." हे खरेही असू शकते. तरी पुढील नियम सोडू नका.

• स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही. धनादेश किंवा खात्यातून हस्तांतर करा.
• पैसे मालकाच्याच खात्यात जावेत. दलालाच्या किंवा भाच्याच्या खात्यात नकोत.
• विसारपावतीत लिहून घ्या : शोध अहवाल स्वच्छ न आल्यास, स्मारक किंवा वनक्षेत्राचे बंधन निघाल्यास किंवा कर्ज मंजूर न झाल्यास पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल.
• विसार लहान ठेवा. मोठी रक्कम बानाखत नोंदवतानाच द्या.
• कागद तपासून होईपर्यंत मुदत ठेवी मोडू नका. थोड्या दिवसांसाठी रक्कम हवी असेल तर ठेवीवर कर्ज मिळते.

एक चांगले घर हातचे गेले तर दुसरे मिळते. दहा वर्षांची बचत अडकली तर ती पुन्हा साठवायला दहा वर्षे लागतात.

९. इतर राज्यांतील वाचकांसाठी

हिमाचल प्रदेशात कलम ११८ मुळे बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. कर्नाटक, तेलंगणा आणि तमिळनाडूत नोंदणी कार्यालयातून बोजा प्रमाणपत्र मिळते, त्याला तिथे ई.सी. म्हणतात. महाराष्ट्रात नाशिक, सातारा किंवा पुणे जिल्ह्यातील गडांच्या पायथ्याशी घर घेणाऱ्यांनाही केंद्र संरक्षित स्मारकांचा १०० आणि २०० मीटरचा नियम तसाच लागू आहे, कारण तो केंद्राचा कायदा आहे.

लक्षात ठेवा

१. आधी जमीन, मग स्मारक, मग पाणी, मग वारस आणि शेवटी भाव. या क्रमाने तपासा.
२. वेरा पावती आणि वीजबिल मालकी सिद्ध करत नाहीत.
३. घराची किंमत म्हणजे भाव, शुल्क, दुरुस्ती आणि रोजचा प्रवास मिळून होणारी रक्कम.
४. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायला हवेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी सहीशिक्क्यानिशी जपून ठेवा.

स्वाध्याय

१. आपण पाहत असलेल्या घराच्या सर्वात जवळचे केंद्र संरक्षित स्मारक कोणते? त्याच्या हद्दीपासून अंतर किती?
२. विभाग ६ प्रमाणे आपला हिशेब वहीत मांडा. सर्व खर्चानंतर सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम शिल्लक राहते का?
३. आपल्या रोजच्या प्रवासाचा महिन्याचा खर्च काढा. तेवढ्या हप्त्यात किती कर्ज मिळेल, हे शाखेत विचारून लिहा.
४. विक्रेत्याकडून मिळालेल्या कागदांची यादी करा. त्यांतील कोणता कागद मालकी दाखवतो आणि कोणता फक्त ताबा किंवा कर दाखवतो, ते प्रत्येकासमोर लिहा.

ही वही घेऊन आपल्या शाखेत या. कर्जाचा अर्ज करायचा नसला तरी चालेल. विसार देण्याआधी विचारलेला प्रश्न कधीच लहान नसतो.